गप्प वाचणाऱ्यांसाठी दिलेले उत्तर

गणपतीला दोन दिवस उरले होते. रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या वाडीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यातली निम्मी माणसे गावात असतात आणि निम्मी विरार, नालासोपारा, दिवा, कांदिवली इथे राहणारी चाकरमानी मंडळी आहेत. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास ग्रुपवर एक व्हिडिओ आला. अरुंद रस्त्यावरून मिरवणूक चालली आहे, गच्चीवरून दगड येत आहेत आणि माणसे सैरावैरा धावत आहेत, असे त्यात दिसत होते. खाली लिहिले होते की हे आज संध्याकाळी आपल्याच बंदरावर घडले आहे, ‘त्यांना’ आता धडा शिकवलाच पाहिजे आणि ज्याचे रक्त सळसळते त्याने हा व्हिडिओ पुढे पाठवावा. पाठवणारा मुलगा आमच्याच वाडीतला, तेवीस वर्षांचा. दिव्याला राहून रात्रपाळी करणारा. ग्रुपमधली कितीतरी माणसे त्या वेळी बायकामुलांसह कोकणात येणाऱ्या गाड्यांमध्ये बसलेली होती.

मी त्या ग्रुपचा एक ॲडमिन आहे. व्हिडिओ लगेच पुसून टाकावा, एवढेच मला सुचले होते. आमच्या वाडीतल्या निवृत्त गुरुजींनी मला थांबवले. त्यांनी व्हिडिओ दोनदा शांतपणे पाहिला आणि विचारले, “भाद्रपदात आपल्याकडे स्वेटर कोण घालतं रे?” खरोखरच त्यातल्या चार-पाच जणांच्या अंगात स्वेटर होते, रस्ता कोरडा ठणठणीत होता आणि कडेला उभ्या असलेल्या रिक्षेची नंबरपाटी रत्नागिरीच्या एमएच-०८ ने सुरू होत नव्हती. गुरुजींनी ग्रुपवर एक अक्षरही लिहिले नाही. त्यांनी आधी त्या मुलाला फोन लावला. “बाळा, तुझी आई आत्ता माझ्या पडवीत बसून माटवीची फळं निवडते आहे. इथं काही झालेलं नाही. तू पाठवलेलं पुन्हा एकदा बघ, माणसांच्या अंगातले कपडे बघ,” असे ते म्हणाले आणि त्यांनी फोन त्याच्या आईच्या हातात दिला. त्याच वेळी आमच्यातला एक जण टॉर्च घेऊन जेटीवर गेला. तिथे मोहल्ल्यातले चाचा आणि आमच्या वाडीचे तांडेल दिव्याखाली बसून फाटलेले जाळे विणत होते. त्यांचा फोटो त्याने ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, “दहा वाजून पाच मिनिटे. मी इथे उभा आहे.” थोड्या वेळाने त्या मुलाने स्वतःच लिहिले, “व्हिडिओ आपल्याकडचा नाही. मी न बघता पाठवला. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी तिथेही सांगा.”

ही फार मोठी घटना नव्हे. पण इंटरनेटवरून पसरणाऱ्या कडव्या द्वेषाच्या प्रचाराला सामान्य माणसे जगभर ज्या रीतीने तोंड देत आहेत, तिचे जवळजवळ सगळे घटक त्या अर्ध्या तासात आमच्या जेटीवर होते, हे मला पुढे या विषयाचे वाचन करताना कळले. म्हणून तो विषय इथे नीट उलगडून सांगतो.

आधी शब्दांविषयी. ‘अतिरेकी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते, त्यामुळे आपल्या फोनवर अतिरेकी प्रचार येत असेल हे कोणाला पटत नाही. ‘जहाल’ हा शब्द तर रत्नागिरीकर या अर्थाने वापरूच शकणार नाहीत. तो इथे जन्मलेल्या लोकमान्यांच्या राजकारणाशी जोडलेला मानाचा शब्द आहे. तीव्र मत असणे आणि कडवा द्वेष पसरवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रिफायनरी हवी की नको यावरून आधी नाणारला आणि मग २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाच्या वेळी केवढा वाद पेटला, हे आपण पाहिले आहे. सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले आणि ग्रुपच्या ग्रुप फुटले. तरीही तो लोकशाहीतला वाद होता, कारण दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांना गावातलीच माणसे मानत होती. एखादा समाज मुळात माणसांत गणण्यासारखा नाही, तो आपल्याला संपवायला टपला आहे आणि म्हणून त्याच्यावर हात उचलणे हे पापच नव्हे, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा रेघ ओलांडली जाते.

या रेघेचा अभ्यास अमेरिकेतल्या सुझन बेनेश यांनी अनेक वर्षे केला आहे. कोणते बोलणे हिंसेकडे नेऊ शकते हे ओळखण्यासाठी त्या पाच गोष्टी पाहायला सांगतात: बोलणारा कोण आहे, ऐकणारा कोण आहे, नेमके काय म्हटले आहे, ते कोणत्या परिस्थितीत म्हटले आहे आणि कोणत्या माध्यमातून पोहोचले आहे. एकच वाक्य एखाद्या आडवेळी निरुपद्रवी ठरते आणि मिरवणुकीच्या आदल्या रात्री घातक ठरते, ते यामुळे. मजकुराच्या दोन खुणा त्यांनी विशेष सांगितल्या आहेत. माणसांना कीटक, किडे, रोग म्हणणे ही पहिली. रवांडात १९९४ च्या नरसंहारापूर्वी आणि तो चालू असताना रेडिओवरून तुत्सी समाजाच्या लोकांना झुरळे म्हटले जात होते. दुसरी खूण मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती सहज ओळखू येत नाही. आपल्याला जे करायचे आहे तेच समोरचा करणार आहे, असा आरोप आधी करायचा. ‘ते आपल्यावर चालून येणार आहेत’ हे एकदा मनात बसले की स्वतः चालून जाणे बचाव वाटू लागते. आमच्या ग्रुपवर आलेल्या त्या मजकुराची बांधणी अगदी अशीच होती.

आता हा माल इतक्या वेगाने का पसरतो ते पाहू. सोशल मीडियाच्या कंपन्या कोणती पोस्ट किती लोकांना दाखवायची हे माणसे बसवून ठरवत नाहीत. लोक तिच्यावर किती थांबले, किती बोलले, किती चिडले, यावरून संगणक ते ठरवतो. फेसबुकने २०१७ मध्ये रागाच्या चेहऱ्यासह सर्व इमोजी प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले होते. पुढे रागाचे वजन टप्प्याटप्प्याने उतरवून २०२० मध्ये शून्यावर आणले गेले, पण मधल्या काळात संताप आणणारा मजकूर वर ढकलला जात राहिला. यातून निघणारी गोष्ट आपल्या स्वभावाच्या उलट जाणारी आहे. द्वेषाच्या पोस्टखाली जाऊन आपण चार शिव्या हासडल्या, तर आपल्या शिव्यांच्या जोरावर ती पोस्ट आणखी हजार लोकांपर्यंत जाते. आपण तिचा निषेध करतो आहोत हे त्या यंत्राला कळत नाही.

व्हॉट्सॲपची गोष्ट वेगळी आहे. तिथले संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, त्यामुळे ग्रुपमध्ये काय चालले आहे ते पोलिसांना किंवा पत्रकारांना आपोआप दिसत नाही आणि कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. कोणी सदस्याने तक्रार केली तरच तो बाहेर जातो. याचा अर्थ असा की तिथे उत्तर देऊ शकणारी माणसे फक्त त्या ग्रुपमधलीच असतात. दुसरे कोणी येणारच नसते.

उत्तर द्यायला कोणी नसले तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या काळात देशभर व्हॉट्सॲपवरून पसरत होती. तिच्यासोबत फिरणाऱ्या एका व्हिडिओचे मूळ तर कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीत होते. शेवटचा खुलासा कापून टाकून तो खरा म्हणून पाठवला जात होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० पासून अनेकदा पुढे गेलेला, दोन बाणांची खूण असलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. वेग त्यामुळे कमी झाला. पण आपल्याकडे होड्यांवर नेपाळचे खलाशी आहेत आणि आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार आहेत; अनोळखी चेहऱ्याचा संशय कोकणातही किती चटकन कोणाच्या अंगावर येऊ शकतो, याचा विचार राईनपाड्याची आठवण झाली की माझ्या मनातून जात नाही.

उत्तर देणाऱ्या माणसांची संघटित गोष्ट स्वीडनमध्ये सुरू झाली. तिथल्या पत्रकार मिना डेनर्ट यांनी २०१६ मध्ये फेसबुकवर एक गट काढला. त्याच्या स्वीडिश नावाचा अर्थ आहे ‘मी इथे आहे’. बातम्यांखालच्या प्रतिक्रियांमध्ये स्थलांतरितांविरुद्ध, स्त्रियांविरुद्ध विखार साचू लागला की गटातला कोणीतरी तिकडे बोट दाखवतो. मग सदस्य तिथे जातात, शांत भाषेत आणि माहितीच्या आधारे आपले म्हणणे लिहितात आणि मुख्य म्हणजे एकमेकांच्या प्रतिक्रियांना लाइक देतात. ज्या प्रतिक्रियांना प्रतिसाद अधिक त्या वर दिसतात, या यंत्राच्या नियमाचाच ते उपयोग करून घेतात. विखार तळाला जातो आणि समंजस बोलणे वर येते. टोमणे मारायचे नाहीत, अफवेला अफवेने उत्तर द्यायचे नाही, कोणाला हिणवायचे नाही, असे त्यांचे नियम आहेत. सदस्यसंख्या ७० हजारांच्या पुढे गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मनीत हानेस लाय यांनी त्याच अर्थाच्या नावाचा गट सुरू केला आणि पुढे अनेक देशांत तो नमुना पोहोचला. आमच्या जेटीवरून फोटो टाकणाऱ्या त्या माणसाला हे काहीही ठाऊक नव्हते, तरी त्याने लिहिलेले शब्द जवळजवळ तेच होते.

इथे एक शंका हमखास येते: द्वेष पसरवणारा माणूस अशा उत्तराने बदलतो का? बहुतेक वेळा बदलत नाही, आणि तो बदलावा हा त्या उत्तराचा पहिला हेतूही नसतो. ज्यांनी जाखडीचा सामना रात्रभर जागून पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. शक्तीवाल्यांच्या शाहिराने सवाल टाकला की तुरेवाल्यांचा शाहीर त्याला जबाब देतो. पण समोरच्या शाहिराने हार मानावी म्हणून तो गात नसतो. मैदानात गोधड्या पांघरून बसलेल्या माणसांसाठी तो गात असतो. सिंधुदुर्गातल्या भजनाच्या डबलबारीत दोन बुवांचे तसेच असते. मान डोलते ती मंडपात. वाडीच्या ग्रुपवर दोनशे माणसे असतील तर बोलणारी दहा-पंधरा असतात. बाकीची वाचतात आणि गप्प राहतात. द्वेषाच्या पोस्टला कोणीच उत्तर दिले नाही तर त्या गप्प माणसांची समजूत होते की सगळ्यांचे हेच मत आहे, आणि मग ज्याला आतून पटत नाही तोही मान खाली घालतो. एक शांत उत्तर आले तर निदान त्याला कळते की आपण एकटे नाही. माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचे मर्म इथेच आहे. उत्तर लिहिताना डोळ्यांसमोर आणायचा तो गाडीत बसलेला, काहीही न लिहिणारा चाकरमानी.

तरीही बोलणाऱ्यावर काही परिणाम होतो का, याचाही अभ्यास झाला आहे. झुरिच इथल्या संशोधकांनी ट्विटरवर वंशद्वेषी मजकूर टाकणाऱ्या १,३५० खात्यांवर एक प्रयोग केला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना विनोदी चित्रातून उत्तर दिले, काहींना ‘तुमचे मित्र, घरचे लोकही हे वाचत आहेत’ असा इशारा दिला, तर काहींना ज्यांच्याविषयी हे लिहिले त्यांना ते किती लागते याची जाणीव दिली. विनोद आणि इशारा यांचा ठळक परिणाम दिसला नाही. तिसऱ्या गटातल्या लोकांनी मात्र आधी लिहिलेले काही पुसले आणि पुढे तसे लिहिणे थोडे कमी केले. परिणाम लहान होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण कशाने काही होते आणि कशाने होत नाही, हे त्यातून कळते. गुरुजींनी फोन त्या मुलाच्या आईच्या हातात दिला ते काही हा अभ्यास वाचून नव्हे. मात्र कायद्याचा धाक घालण्याऐवजी त्यांनी त्याला पडवीतल्या माणसांची आठवण दिली.

एका माणसाचे मन पूर्ण पालटल्याचे उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नावाचा एक कडवा पंथ आहे. मृत सैनिकांच्या अंत्ययात्रांबाहेर द्वेषाचे फलक घेऊन उभे राहण्यासाठी तो कुप्रसिद्ध आहे. त्याच्या संस्थापकाची नात मेगन फेल्प्स-रोपर २००९ पासून ट्विटरवर पंथाचा प्रचार करत होती. डेव्हिड अबिटबोल या ज्यू ब्लॉगरने तिच्याशी शिवीगाळ न करता वाद चालू ठेवला, तिला प्रश्न विचारले, तिच्या कुटुंबाची, खाण्यापिण्याची चौकशी केली आणि मग तिच्याच धर्मग्रंथाच्या आधारे पंथाच्या शिकवणुकीतली विसंगती दाखवून दिली. त्या विसंगतीचे उत्तर तिला घरात कोणाकडेच मिळाले नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये ती बहिणीसह पंथ सोडून बाहेर पडली. या बदलाला तीन-चार वर्षे लागली. रात्री एक वाजता दहा संदेशांत कोणी पालटत नाही.

उत्तर कोणी द्यावे, हाही मोठा प्रश्न आहे, कारण शब्द तेच असले तरी तोंड बदलले की वजन बदलते. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये सोमाली वंशाची मोठी वस्ती आहे आणि तिथल्या काही तरुणांना अल-शबाब आणि आयसिस या दहशतवादी संघटनांनी जाळ्यात ओढले होते. मोहम्मद अमीन अहमद हे तिथे पेट्रोलपंपाचे व्यवस्थापक होते. त्यांनी ‘सरासरी मोहम्मद’ अशा अर्थाच्या नावाने साधी कार्टून तयार करून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. त्यातला नायक म्हणजे चारचौघांसारखा नोकरी करणारा, नमाज पढणारा माणूस. तो मुलांशी त्यांच्याच भाषेत बोलतो. सरकारी जाहिरातीपेक्षा पंपावर रोज दिसणाऱ्या माणसाचे बोलणे त्या मुलांना आपले वाटले तर नवल नाही. आपल्याकडे सप्टेंबर २०१५ मध्ये आयसिसविरुद्धच्या फतव्यावर देशभरातल्या हजाराहून अधिक मौलवींच्या सह्या मुंबईतून गोळा झाल्या, तेव्हाही तत्त्व तेच होते. घरातल्या माणसाने घरच्यांना सांगायचे.

हे काम अवघड असते, कारण आपल्याच लोकांचा रोष घ्यावा लागतो. कोकणात यासाठी लांब पाहावे लागत नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ मध्ये जन्मलेल्या हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. सातच होत्या. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. इंटरनेटचे नावही नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे, पण स्वतःच्या समाजातल्या कडवेपणाला आतून प्रश्न विचारण्याची रीत आपल्या मातीत आहे, हे आठवणीत असावे. हिंदू वाडीतल्या ग्रुपवर हिंदूने बोलावे आणि मोहल्ल्यातल्या ग्रुपवर मुसलमानाने बोलावे. आमच्या त्या रात्रीच्या व्हिडिओबद्दल चाचांनी आमच्या ग्रुपवर येऊन खुलासा केला असता, तर त्याच खुलाशाकडे संशयाने पाहणारे दहा जण निघाले असते. गुरुजींकडे तसे कोणी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी चाचांनी सांगितले की त्याच रात्री त्यांच्याकडेही तसाच, फक्त बाजू उलटी केलेला एक संदेश आला होता आणि तो त्यांच्या मुलीने अडवला होता.

लिहायचे कसे, याविषयी थोडे. खोटे खोडताना आपण बहुधा ते खोटेच मोठ्या अक्षरात पुन्हा लिहितो: ‘बंदरावर दगडफेक झाली ही अफवा आहे’. अर्धवट वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘बंदर’ आणि ‘दगडफेक’ एवढेच उरते. म्हणून सुरुवात खऱ्याने करावी, मधे एका वाक्यात काय खोटे आहे ते सांगावे आणि शेवट पुन्हा खऱ्यावर आणावा. ‘बंदरावर सगळे सुरळीत आहे, फिरतो आहे तो व्हिडिओ दुसऱ्या राज्यातला, थंडीतला आहे, आत्ता जेटीवर जाळी विणण्याचे काम चालू आहे.’ मूळ व्हिडिओ खुलाशासोबत पुन्हा जोडू नये. पाहणी करायला मोठी विद्याही लागत नाही. गूगल लेन्सवर चित्र टाकले की ते आधी कुठे प्रसिद्ध झाले ते पुष्कळदा सापडते. त्याखेरीज आपल्या भागाच्या खुणा आपल्याला पाठ असतात: रत्नागिरीची गाडी एमएच-०८, सिंधुदुर्गाची एमएच-०७, कुंपणाला जांभा, पावसाळ्यात हिरवे झालेले सडे, जून-जुलैत मासेमारी बंद असल्यामुळे किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या. दिल्लीतल्या पडताळणी करणाऱ्याला जे शोधायला दोन तास लागतील, ते आमच्या वाडीतल्या कोणत्याही बाईला दोन मिनिटांत दिसते.

त्याहून चांगले म्हणजे अफवा येण्याआधीच सांगून ठेवणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅक्ग्वायर यांनी १९६० च्या दशकात मांडले की शरीराला जशी लस, तशी मनालाही देता येते. खोट्या युक्तिवादाची सौम्य ओळख आधीच करून दिली की खरा हल्ला आल्यावर माणूस सहज बळी पडत नाही. युक्रेनमधले युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये पोलंड, चेकिया आणि स्लोव्हाकिया या देशांत निर्वासितांविषयीच्या अपप्रचाराच्या युक्त्या समजावणारे छोटे व्हिडिओ याच विचाराने दाखवले गेले. आमच्याकडे आता शिमग्याच्या आधी आठवडाभर पालखीचा मार्ग आणि वेळ दोन्ही बाजूंच्या ग्रुपवर एकाच शब्दांत जातात आणि खाली एक ओळ असते: ‘या दिवसांत जुने व्हिडिओ नव्या नावाने येतात. आले तर आधी खालील नंबरवर विचारा.’ त्या नंबरांत एक वाडीतला असतो आणि एक मोहल्ल्यातला.

कायदाही ठाऊक असलेला बरा. समाजांत शत्रुत्व पसरवणारा मजकूर हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे आणि अफवा पसरवून लोकांना भडकवण्यासाठी कलम ३५३ आहे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी आपोआप गुन्हेगार ठरत नाही, त्यात त्याचा समान हेतू दिसला पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. ॲडमिनला इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसता येतो आणि काही काळ फक्त ॲडमिननेच लिहावे अशी सोयही आहे. प्रत्यक्ष हिंसेचे ठिकाण आणि वेळ ठरवणारे संदेश दिसले तर वाद घालत बसू नये. पुरावा जपून ११२ वर फोन करावा. एकट्याने तर कधीच उतरू नये. मिना डेनर्ट यांना धमक्या सोसाव्या लागल्या. बायकांच्या वाट्याला ते अधिक येते. म्हणून आमच्याकडे उत्तर लिहिणारा एक असला तरी त्याला पाठिंबा देणारे चौघे आधी ठरलेले असतात.

शेवटी एक कठीण गोष्ट सांगायला हवी. म्यानमारमध्ये २०१४ साली ने फोन लाट या ब्लॉगलेखकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘पन्झागार’, म्हणजे ‘फुलांचे बोल’, ही मोहीम काढली. तोंडात फूल धरून काढलेले फोटो हजारो लोकांनी फेसबुकवर टाकले. आमच्या तोंडून द्वेष निघणार नाही असा त्याचा अर्थ होता. मोहीम सुंदर होती आणि ती करणारे लोक शूर होते. पण ऑगस्ट २०१७ पासून लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमानांना बांगलादेशात पळून जावे लागले, आणि आपले व्यासपीठ हिंसा भडकवण्यासाठी वापरले जाऊ नये म्हणून आपण पुरेसे केले नाही, हे फेसबुकने २०१८ मध्ये मान्य केले. सत्ता आणि पैसा द्वेषाच्या मागे उभा राहिला तर फुले पुरी पडत नाहीत. कंपन्यांनी आणि शासनाने करायचे काम सामान्य माणसांच्या माथी मारता येणार नाही, ते त्यांच्याकडे मागितलेच पाहिजे. मात्र कुलूपबंद ग्रुपमध्ये पोहोचू शकणारे आपणच आहोत, हेही तितकेच खरे आहे.

तो दिव्याचा मुलगा आजही चार-पाच अशा ग्रुपमध्ये आहे जे आम्हाला दिसत नाहीत. गेल्या शिमग्यात, पालखी बाहेर पडायच्या आदल्या रात्री पावणेबाराला, त्याने गुरुजींना एकट्यांना एक व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारले, “गुरुजी, हा आपल्याकडचा आहे का?” गुरुजी झोपले होते. सकाळी सहाला त्यांनी फोन पाहिला आणि त्याला विचारले की तू हा आणखी कुठे पाठवलास का. त्याने लिहिले, “नाही. तुमच्या उत्तराची वाट बघत होतो.”